सत्कारात राहिलेलं नाव

आचल बेटा,

कधी एकदा तुले सांगतो असं होऊन राहिलं. आज वरूडच्या संत्रा मेळाव्यात बागायतदारांचा सत्कार होता. निवेदकानं साऱ्यायची नावं घेतली, माहंच राहिलं. कानशिलं तापली. तुह्या लग्नपत्रिकेत माहं नाव काकाच्या खाली छापलं म्हणून मी मांडवातून उठून गेलो होतो, अन् कन्यादान काकाले करा लागलं. आजही तसाच उठणार होतो.

पण अमरावतीच्या मानसोपचारवाल्या मॅडमनं माह्या मीपणाले आजार म्हटलं, अन् वर्षभर एकच शिकवलं. राग आला की पाय जमिनीले टेकवा, अन् रागाच्या खाली काय हाय ते पाहा. पाहिलं. खाली लाज होती. 'गुणवंता, तुले लाज वाटून राहिली,' असं मनात सोतालेच म्हटलं, अन् ताप उतरला, बेटा. शाली दुसऱ्यायले मिळाल्या अन् टाळ्या म्या वाजवल्या.

आता पत्र वाचून पाहिलं. पानभर मीच मी. तुले सातवा महिना लागला, अन् तू कशी हायेस हे म्या इचारलंच नाही. तुह्याकडून टाळ्या मागाले बसलो होतो. हे पाठवत नाही. उद्या तुह्या सासरी अकोल्याले फोन करतो. तू उचलला, तर फक्त आयकतो.

तुहा बाबा