आधी तुटायचं कुणी

टेरे हॉट, इंडियाना
७ जून

ती. बाबांस,
डेलाचा सा. न. वि. वि.

काल मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस पुन्हा तुटला. गॅरेटने ट्रकखाली शिरून पाहिलं, आणि शर्यतीच्या तपासनिसानेही तेच सांगितलं. या मोसमात तिसऱ्यांदा, आणि नेमका उपांत्य फेरीत. दिवा हिरवा झाला, मी ब्रेक सोडला, चारही चाकांनी रस्ता धरला आणि मागे खाडकन वाजलं. शाफ्ट लोखंडी कड्यात अडकून राहिला, मला खरचटलंही नाही. शेजारच्या पट्टीवरचा ट्रक निघून गेला आणि मी हात चोळत बसले.

गॅरेट म्हणतो की इंजिनची ताकद दुप्पट केली, दोन्ही एक्सल जाड घातले, गिअरबॉक्स तर तुम्ही स्वतः बांधून दिलात, मग हा एवढासा क्रॉस मधे कशाला? म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटला असणार, असंही म्हणाला. जावईच तो, बोलणारच.

मोठा क्रॉस आणि जाड शाफ्ट मागवलाय. मोसमातली शेवटची शर्यत सत्तावीसला आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. चालेल, एवढं एका ओळीत कळवा. शस्त्रक्रियेनंतर खुबा कसा आहे, आत्याचा ओरडा किती खाताय, तेही.

लोभ आहेच, उत्तराची तेवढी घाई करावी.
तुमची, डेला

* * *

पड्यूका, केंटकी
११ जून

चि. डेलास,
आशीर्वाद. खुबा बरा आहे. बाकी मी बरा नाही.

तो क्रॉस बसवू नकोस. माझ्या नजरेतून काही सुटलेलं नाही, लहान क्रॉस मी मुद्दाम ठेवलाय. जावयाला तसं वाचून दाखव.

एवढी ताकद असली की काहीतरी तुटणारच. कुठे तुटायचं, तेवढंच बांधणाऱ्याच्या हातात असतं. तो क्रॉस तुझ्यापासून लांब, कड्याच्या आत तुटतो आणि अर्ध्या तासात नवा बसतो. तो तुटेनासा झाला की सगळा धक्का पुढे ट्रान्सफर केसवर जाणार. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ती पेटी तुझ्या सीटखालीच आहे आणि तिचं अंग पातळ आहे. ड्यूई स्पँगलर तुला आठवत नसेल. त्याने असाच मोठा क्रॉस घातला. तीन महिने काही झालं नाही. मग पेटी फुटली आणि तुकडे तळाचा पत्रा फाडून वर आले. आज तो लंगडत चालतो, आणि नशीबवान समजला जातो.

हे तुला आधीच सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं ते पुन्हा कधी.

लोभ आहे म्हणूनच आवाज चढलाय.
तुझा बाबा, लेलँड

ता. क. डेला, मी ओपल आत्या. तुझं पत्र आल्यापासून हा माणूस वॉकर घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतोय. माझी फरशी झिजली. मक्याची भाकरी केली, तिलाही हात लावला नाही. लवकर उत्तर दे गं बाई.

* * *

टेरे हॉट
१६ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र काल मिळालं. क्रॉस आणि शाफ्ट शुक्रवारीच बसवून झाले होते.

शनिवारी सरावाच्या तीन फेऱ्या मारल्या. काहीही तुटलं नाही. तिसऱ्या फेरीला मला आजवरचा सगळ्यात कमी वेळ लागला. गॅरेट टोपी उडवत धावत आला.

आणि मग तुमचं पत्र. बाबा, मी तीनदा हरले. तिन्ही वेळा घरी येऊन मीच ब्रेक चुकीचा सोडला असेल म्हणून झुरत बसले. आधीच्या दोन्ही वेळा तुम्ही तुटलेल्या क्रॉसचे फोटो मागवलेत, बारीकसारीक विचारलंत, आणि हे मुद्दाम आहे एवढं मात्र तुमच्या लेखणीतून उतरलं नाही. दुसऱ्या कुणा चालकाशी असं वागला असतात का?

ट्रक उत्तम आहे, काळजी नको. पेटीतलं तेल बदललं तेव्हा त्यात धातूची थोडी चमक दिसली, पण तेल काढायच्या बुचातलं लोहचुंबक अगदी स्वच्छ निघालं. म्हणजे गिअर शाबूत आहेत, म्हणून गॅरेट निर्धास्त आहे.

लोभ असावा. सध्या माझा राग आहे, तोही तात्पुरता सांभाळून ठेवावा.
डेला

* * *

पड्यूका
१९ जून

चि. डेलास,
आशीर्वाद, आणि हे पत्र हातात पडेल तिथे, उभ्या उभ्या वाच.

चुंबक स्वच्छ निघालं हीच भीतीची गोष्ट आहे. गिअर झिजला असता तर पोलाद चुंबकाला चिकटलं असतं. जे चिकटत नाही ते ॲल्युमिनियम, म्हणजे पेटीचं अंग. ओपलने फोन केला होता. गॅरेट हसून म्हणाला, म्हाताऱ्याला सांगा, पोरगी खुशीत आहे. ओपलने त्याला काय सुनावलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिची मान बघून कळलं.

पेटी खाली उतरवा. स्वच्छ पुसा, भेगा दाखवणारा लाल रंग लावा आणि मागच्या बेअरिंगभोवती भिंग घेऊन बघा. त्याआधी ट्रक सुरूसुद्धा करू नका.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, दुसऱ्याशी असा वागलो नसतो. त्याला समोर बसवून सगळं सांगितलं असतं आणि निवड त्याच्यावर सोडली असती. मी चालवत होतो तेव्हा तिथे मोठाच क्रॉस होता. तू सीटवर बसणार ठरलं, त्या आठवड्यात मी तो काढला. सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. भांडणात तुझ्यापुढे माझा टिकाव लागत नाही, म्हणून गुपचूप केलं. चूक झाली. पण पुन्हा वेळ आली तर तसा वागणार नाही, असं मात्र तुला खोटं लिहिणार नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल, पेटी उतरव.
बाबा

* * *

टेरे हॉट
२३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. पेटीला भेग आहे. मागच्या बेअरिंगच्या कडेला, आगकाडीएवढी लांब. गॅरेटनेच रंग लावून शोधली. मग म्हणाला की आणखी एखादी फेरी झाली असती आणि मी तिथे टोपी उडवत उभा असतो. तुम्हाला पत्र लिहायला बसलाय, पण तीन कागद फाडले. त्याला फार बोलू नका.

एका मित्राकडून दुसरी पेटी मिळाली. तिला भेग नाही, मी स्वतः बघितलं. सीटखाली जाड संरक्षक वेष्टण घातलंय. आणि काल लहान क्रॉस परत बसवला.

मला विचारलं असतंत तर मी समजुतीने लहानच निवडला असता, असं लिहायचा मोह होतोय. पण तुमचं खरं आहे, मी भांडले असते. बहुधा जिंकलेही असते. तरी पुढच्या वेळी भांडण होऊ द्या, बाबा. माझ्या सीटखाली काय आहे ते मला माहीत असायला हवं.

सुटण्याआधी ब्रेक धरून इंजिनात टर्बोचा दाब भरते, तोही आता कमी ठेवणार आहे. सुटताना थोडी मागे पडेन. क्रॉस कदाचित पहिल्याच फेरीत तुटेल. तरी ठरवलंय मी.

आत्या तुम्हाला घेऊन येतेय म्हणाली. शनिवारी अकराला तपासणी, दोनला पहिली फेरी. कुंपणाजवळ खुर्ची ठेवायला सांगितलंय. आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून आधीच सांगते. ट्रक मध्येच थांबला तर घाईने उठून खुबा दुखवून घेऊ नका. मी खिडकीतून हात बाहेर काढीन, तो दिसेपर्यंत बसून राहा.

तोवर लोभ असू द्यावा.
तुमची, डेला