विहिरीतलं विष आणि नलिनी

शनिवार, १४ सप्टेंबर, संध्याकाळी सहा चाळीस.

तालमीच्या चहाला नाटक बसवणारी नलिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, पाटलीणबाईचं काम मावशींनी स्वतःच सोडलं. पाठांतर होत नाही म्हणाल्या." मावशी म्हणजे मी, आणि मी तिथेच, हातात कप घेऊन. असं मी कधी म्हणाले? तिन्ही अंक तोंडपाठ आहेत मला! माझ्या हातात प्रॉम्प्टिंगची वही आली आणि पाटलीण झाली नलिनी.

मग ती तिचा प्रवेश करायला उभी राहिली. सरपंच व्हायचं म्हणून पाटलीण गावाला खोटंच सांगते, "खालच्या आळीने विहिरीत विष टाकलंय!" डोळे भरलेले, आवाज कापरा. वही माझ्या मांडीवर उघडी, तरी क्षणभर ते विष मला खरं वाटलं. काय बाई आहे! शाळेत आमचं प्रत्येक खोटं पकडणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरसुद्धा फसल्या असत्या.

नाटकातलं गाव फुटायला तीन अंक लागतात. आमचं बिबवेवाडीचं महिला मंडळ चहाच्या एका कपात फुटलं. शुभा माझ्या बाजूने, विमल नलिनीच्या. रोज एका रिक्षाने जाणाऱ्या दोघी आज वेगवेगळ्या गेल्या.

उद्या नलिनीला चिठ्ठी. मी असं कधी आणि कुणाला म्हणाले, याचं लेखी उत्तर सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. तोवर नाटकाची एकुलती एक वही माझ्या कपाटात.