ताईचं ‘जमलं तर’

सेंदाई, मार्चअखेर

प्रिय हिसाएताई,

तात्सुओचा वाकून नमस्कार. इकडे अजून हीटर चालू आहे, तुम्ही ओसाकावाल्यांनी स्वेटर धुऊन ठेवलेही असतील. तुझे गुडघे कसे आहेत? बरे असावेत, कारण आज मी भांडायला बसलो आहे आणि आजारी माणसाशी भांडणं बरं दिसत नाही.

आमच्या चिनात्सुच्या लग्नाच्या आमंत्रणाला तुझं उत्तर मिळालं. कार्डावर ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ यांतल्या एकावर काट मारायची असते. तू दोन्ही तसंच ठेवून कडेला लिहिलंस, ‘इकेतारा इकु’. जमलं तर येईन. सख्ख्या भाचीच्या लग्नाला! ओसाकात याचा अर्थ काय होतो ते मला शिकवू नकोस, मीही तिथलाच. (आपले कुराहाशी गुरुजी सांगायचे, ‘इकेतारा’तला हा ‘तारा’, म्हणजे ‘तर’, जुन्या ‘तारी’पासून आला आणि ‘तारी’ म्हणजे काम पुरं झालेलं. एवढ्या कामसू घराण्यातल्या शब्दाला तुम्ही लोकांनी नकार द्यायच्या नोकरीला लावलंत.) इकडे सेंदाईत शेजारी ‘जमलं तर येतो’ म्हणाला, की संध्याकाळी माशाच्या वड्या घेऊन दारात उभा असतो.

इतकी वर्षं इथे राहून मीही तसाच झालो आणि बाबांच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला तोंडावर आपटलो. फोनवर म्हणालो होतो, जमलं तर येतो. जमवलं. पहाटेची गाडी पकडून आलो, तर देवळात मला बसायला आसन नाही, हॉटेलात माझं ताट नाही. वर सगळ्या भाऊबंदांसमोर तू म्हणालीस, ‘‘अरे, ‘जमलं तर’ म्हणाला होतास ना? मग आलास कसा?’’ शेवटी स्वयंपाकघरातून लहान मुलांचं ताट आलं. साठीच्या माणसाने बापाच्या श्राद्धाला कागदी झेंडा खोचलेला भात खाल्ला, ताई. तो राग अजून उतरलेला नाही.

तेव्हा यायचं नसेल तर सरळ नाही म्हण. मी एक ताट कमी सांगतो, विषय संपला.

तुझा (नाइलाजाने) धाकटा भाऊ,
तात्सुओ

ता. क. ताट कमी सांगितलेलं नाही.

आणखी एक. लग्नाला उभं राहण्याआधी नवरीच्या तोंडावरची जाळी आईने खाली ओढायची असते. फुमिए तर गेली. चिनात्सुने त्यासाठी तुझं नाव घेतलं आहे, पण आत्याला अवघड होईल म्हणून तुला कळवू नका म्हणाली. मी खिडकीचा पडदा घेऊन स्वतः करून पाहिलं. जमलं नाही. तू ये.