कलिंगडावरचा लाल दोरा

३ मे
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकीट सोबत आहे. अकरा हजार किलोमीटर, चौदा तास, मध्ये कुठेही उतरायचं नाही. वीस जूनला पदवीदान. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी पदवीधर होणार, आणि ती मी! तुम्ही आला नाहीत तर व्यासपीठावर चढायचीच नाही, अशी शपथ घेणार होते. पण परीक्षा आठवल्या आणि शपथ गिळली. तरी याच.

लोभ आहेच, तो विमानात बसवून घेऊन या.
तुमची भिंगरी

१४ मे
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तिकिटासोबत विमानाच्या वाटेचं चित्र होतं. शिवणयंत्रामागच्या भिंतीवरच्या नकाशावर मी टेप लावून पाहिली. दोन्ही शहरांमधली सरळ रेघ बरीच खालून जाते. मग विमान वर बर्फात कशाला शिरतं? तीस वर्षं कापड कापतोय, वाकडी रेघ मला लगेच कळते. ज्याला सरळ जाता येत नाही, त्याच्या विमानात मी बसणार नाही. तुझी आत्या म्हणते, दादा घाबरलाय. तिचं मनावर घेऊ नकोस. समारंभाचे फोटो पाठव.

माया आहे तेवढीच आहे.
तुझे बाबा

२४ मे
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं, मी नापास झाले.

बाबा, ढेरपोट्या गिऱ्हाइकाचं माप तुम्ही त्याच्या फोटोवरून घेता का? तुमचा नकाशा म्हणजे गोल पृथ्वीला इस्त्री मारून केलेला कागद. एक गोल कलिंगड आणा. देठ वर ठेवा, तो उत्तर ध्रुव. देठाच्या दोन बाजूंना, सारख्याच उंचीवर, दोन टाचण्या टोचा आणि मध्ये दोरा ताणा. जवळची वाट कुठून जाते ते बघा. विमान खरं ठरलं तर यायचं. कबूल?

लोभ ताणून धरा, तुटू देऊ नका.
भिंगरी

४ जून
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दोरा सरकला! आडवा नेला तर जास्त लागतो, ताणला की आपसूक देठाकडे चढतो. मी तीनदा ताणला, शेजारच्या इस्त्रीवाल्याने दोनदा, आत्याने एकदा. मग सगळ्यांनी मिळून पृथ्वी कापून खाल्ली. गोड निघाली.

खरं सांगतो. भीती विमानाची नव्हती, तुमच्या त्या सभागृहाची होती. तिथे सगळी शिकलेली माणसं, मी सातवी नापास. कुणी काही विचारलं तर? पण आता विचारू देत. मला कलिंगडाचं सांगता येतं. येतोय.

बाकीची माया समक्ष.
बाबा

२१ जून
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोचले. विमानात त्यांनी शेजाऱ्याला सफरचंदावर दोरा ताणून वाट समजावली म्हणे. भेटल्यावर मला जवळ घेतलं आणि हळूच खांद्याचं माप पाहिलं. खांदा तेवढाच आहे, म्हणाले, उपाशी राहत असल्याचं खोटं लिहू नकोस.

माझा पदवीचा झगा भाड्याचा, चार बोटं लांब. पायऱ्यांवर तोंडघशी पडशील, असं म्हणत त्यांनी सभागृहाबाहेरच बैठक मारली आणि सामानातून सुई काढली. दोरा मात्र तोच, कलिंगडाचा लाल. काळ्या झग्याला लाल टाके! तेवढ्यात आमच्या प्राध्यापिका आल्या आणि त्यांनी बाबांना विचारलं, आपण काय करता. बाबांनी झग्याची कड वर करून दाखवली. बाईंनी ती निरखून पाहिली आणि आपलाही झगा पुढे केला. त्यांच्यामागे रांगच लागली!

आत्या, काल निम्मा वर्ग लाल टाक्यांनी व्यासपीठावर चढला. बाबा मात्र पाहुण्यांच्या रांगेत, सुई अजून हातातच, शेजारच्या बाईंना सांगत होते की टाके सगळ्यांचे माझे आहेत, पण मुलगी ती एकच.

लोभ तिकडे थोडा शिल्लक ठेव, बाबा परतल्यावर त्यांना लागेल.
तुझी भिंगरी