सतराला सोळा

३ जून २०२४
बजाजनगरात खोली मिळाली, हवेशीर आहे. अम्मीला परभणीला फोन करून सांगितलं, नोकरी लागली! सांधेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी चालू आहे. दोनशे जणांना गोळी आणि दोनशे जणांना तश्शीच दिसणारी, पण नुसत्या पिठाची. गोळी घेतल्यावरचा त्रास कुठल्या गटात जास्त, आणि तो फरक खरा की योगायोग, ते गणितानं मी ठरवायचं. चाचणीप्रमुख नानासाहेबांनी स्वतः चहा सांगितला.

११ जून
त्रास चमत्कारिक आहे. सगळं दिसतं, फक्त माणसांचे चेहरे दिसत नाहीत. गोळीवाल्यांत असे सतरा, पिठाच्या गटात तीन. गोळी निर्दोष असती तर एवढी तफावत हजारात एखाद्याच वेळी पडली असती. तसं लिहून दिलं. नानासाहेबांनी पिठाच्या गटाची नावं-पत्ते मागितले. दिले.

२४ जून
पिठाच्या गटात आता सोळा! सतराला सोळा. म्हणजे फरकच नाही. नानासाहेब म्हणाले, गणित परत कर. पिठानं कुणाचे डोळे जातात?

२६ जून
फुलंब्रीला गेले. साळूबाई पिठाच्या गटातली. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवला. "तुला तोंड हाय ना गं, माय? नातवाचं तर पुसल्यावानी दिसतं." कंपनीचा माणूस घरी येऊन नवं पाकीट देऊन गेला होता. पत्ता मीच दिलेला. मीच!
त्यातली गोळी चाखली. कडूजहर. पीठ नव्हे, खरी गोळी. संतापात अख्खी चावून गिळली. घ्या, माझाही आकडा लिहा. तिचा मुलगा कडूबा परवा दुपारी खोलीवर येऊन चाचणीचे कागद पोलिसांकडे नेणार.

२७ जून
समोर कोण म्हणून विचारलं, नानासाहेबांना आवाजावरून ओळखलं. कॉलरच्या वर नुसती कातडी. नाक नाही, डोळे नाहीत. तरी जाब विचारला. म्हणाले, सतराचे तीन करता येत नाहीत, तिनाचे सोळा करता येतात. हरामखोर. कागदांची फाइल उचलून मी निघाले. मागून हसल्याचा आवाज — कशानं हसला?

२८ जून, दुपार
दार वाजलं. उघडलं. पांढरा शर्ट. वर काहीच नाही.
कडूबा का, विचारलं. मान हलली. बोलत नाही.
फाइलीसाठी हात पुढे केला.
आईचं नाव सांग म्हटलं. गप्प. बोल ना रे, एकदा बोल —
आत आला. कडी लावली.
देणार नाही. तू कुणीही अस, फाइल मी दे