सासरच्या सायकलीची उंची

भोकर, अधिक ज्येष्ठ

तीर्थस्वरूप श्रीनाथरावांना अनंताचा वाकून नमस्कार (जितकं वाकता येतं तितकं वाकून). मुरुडला उन्हाचं कसं काय? वहिनींचा खोकला गेला का? आम्ही इथं ठीक. फोनच केला असता, पण फोन तुमच्या बहिणीच्या हाती असतो आणि विषय तिच्या कानावर जाण्यासारखा नाही.

विषय सायकलीचा. तुमच्या कैलासवासी वडिलांनी लग्नात मला दिलेली ती काळी सायकल दुरुस्त करावी की बदलावी, या विचारानं हैराण आहे. तिचा मुख्य दोष असा, की ती अलीकडं उंच झाली आहे. (हसू नका.) चढायला घरचा ओटा लागतो आणि उतरायलाही कुणाचा तरी ओटा लागतो. मारुतीच्या देवळाला पार आहे, त्यामुळं दर्शन व्यवस्थित होतं. भाजीबाजारात तशी सोय नाही. परवा वांग्यांच्या गाड्याभोवती चकरा मारल्या, वांगी डोळे भरून पाहिली आणि रिकाम्या पिशवीनं घरी आलो. चंद्रप्रभेला सांगितलं, वांगी किडकी होती. बाजारातले जुने विद्यार्थी म्हणे कौतुक करत होते, सर या वयातही व्यायाम करतात. तेवढी अब्रू शिल्लक आहे आणि ती मला राखायची आहे.

शेवटी मलप्पा मिस्त्रीकडं नेली. त्यानं चाक फिरवलं, घंटी वाजवली आणि म्हणाला, "सर, सायकलीला काय बी झालं न्हाई. लई दणकट हाय. तुमचीच मरम्मत करून घ्या." असल्या माणसाकडून निःपक्ष सल्ला काय मिळणार? तेव्हा बदलावी, अशा मताला आलो आहे. पण सासऱ्यांची आठवण मोडीत घालायची म्हणजे तुमची परवानगी हवी. बाकी मागणं काही नाही.

आपला,
अनंता

ता. क. पंचांग चाळताना सहज दिसलं, की धोंड्याचा महिना चालू आहे. जावयाला वाण द्यायची तुमच्याकडं रीतच आहे. देणारच असाल तर सायकल द्या, मधली दांडी नसलेली, बायकांची असते तशी. फक्त ती बहिणीच्या नावानं पाठवा. म्हणजे बाजारात कुणी विचारलं तर 'बायकोची आणली' म्हणता येईल.

आणखी ता. क. दादा, पाकीट डकवून टपालात टाकायला यांनी सवयीनं माझ्याकडंच दिलं. सायकल माझ्याच नावानं पाठव, पण खरोखर माझी म्हणून. बाबांनी यांना दिली तेव्हा मलाही हवी होती, मला कुणी विचारलंच नाही. मागचं कॅरिअर तेवढं मजबूत बघून घे. यांना बसवून नेत जाईन.
– चंद्रप्रभा