हौद म्हणजे व्हय

गुरुवार, २२ जानेवारी
सुले, मागची पानं हळ्ळीखेडला धाडली, ती वाचलीस का चुलीला लावलीस? डोक्यावरचा चष्मा घरभर हुडकणारी तू, म्हणून परत सांगते: मी नुसती बोलायलीय, लिहायलीय तुझी भाची ऋचा. शनिवारी तुझ्या भावाच्या बढतीची पार्टी, कॉलनीच्या हॉलात. त्याच संध्याकाळी पोरापोरींची दुसरी. ऋचीच्या मैत्रिणीच्या, ऐशूच्या, काकाचं नवं घर रिकामं हाय, त्याच्या माडीवर. घरी सांगणार, अभ्यासाला जायलो. खरं फक्त मला ठाऊक. "आजी, आईला कळलं तर दहावी झाली की नाशिकला मामाकडं धाडंल." गळ्याची शपथ घातली. (हे लिहायला न्हाई म्हणतीया. लिही म्हणलं, आत्या काय खाती का तुला.)

रविवार, २५
कालचं सांगते. हॉलात माझ्या ताटात गुलाबजाम नुकताच पडलेला. ऐशूची आई म्हणली, "आमची ऐशू तुमच्याकडंच हाय नव्हं, अभ्यासाला?" तुझी वहिनी वैशाली म्हणली, "अहो, ऋचा तर तुमच्याकडे आलीये!" झालं. फोन लावले, दोघींचे बंद. मी गुलाबजाम चावायलीय.

तेवढ्यात वैशालीला आठवलं, दुपारी पोरगी फोनवर "हौद, हौद" म्हणत होती. "हौदावर गेल्यात मुली!" कॉलनीच्या मागं जुना हौद, पायऱ्यांवर शेवाळ. ताटं टाकून सगळे पळाले. मी मागनं, गुडघा धरून.

जाऊन बघते तर वैशाली रेशमी साडीत, अनवाणी, पायऱ्या उतरायलीय. "ऋचा! ऋचा!" आवाज फाटलेला. दोन वर्षं झाली नाशिकहून ह्या कानडी मुलखात येऊन, कानडी शिकली न्हाई. शपथ गेली पाण्यात. वरडले, "वर ये गं! कानडीत हौद म्हणजे व्हय! पोरगी नुसतं व्हय व्हय म्हणत होती!"

बाकीच्या बाया हसल्या. वैशाली न्हाई. पायरीवरच बसली. "मग ती कुठंय, आई? तुम्हाला माहितीये ना?"

माडीकडं बोट दाखवलं. काय करू?

माडीवर पोरं केक खायलेली, आईबापांची वरात आली. ऐशूच्या नाकाला क्रीम. ऋचीनं आधी आईकडं न्हाई, माझ्याकडं बघितलं.

आता बोलत न्हाई माझ्याशी. लिहायला तेवढी बसलीय, दात खाऊन. अक्षर मुद्दाम वाकडं काढतीया वाटतं. मला काय कळतंय, तूच बघ.

मंगळवार, २७
वैशालीनं आपल्या भावाला फोन केला. नाशिकच्या कॉलेजाची चौकशी. तुझा भाऊ "बघू" म्हणून पेपरात तोंड घालून. मी म्हणले, "पोरगी केकच खात होती की." वैशाली म्हणली, "मी तिला त्या पाण्यात शोधत होते, आई."

संध्याकाळी वैशाली स्वतःच आली, "मला कानडी शिकवा" म्हणली. शिकवलं. इल्ला म्हणजे न्हाई, इल्ली म्हणजे इथं. दोन्ही घोकायलीय स्वयंपाकघरात. रविवारी तिचा भाऊ परत फोन करणार, त्याला ह्यातलं कुठलं सांगती, कळंना. ऋची दाराआड उभी राहून ऐकायलीय.

सुले, रविवारच्या आत ज्वारीच्या कडक भाकरी अन शेंगाची चटणी धाड. भाकरी पातळ थाप, नीट वाळव. पोरगी गेली तर तिच्या पिशवीत घालते, राहिली तर दह्यासंगं आम्हीच खातो.